‘मी’ म्हणजे नेमकं कोण? रबाळ्याच्या नोंदवहीतलं एक वाक्य

नवी मुंबईत रबाळ्याला एक गोदाम आहे. तिथल्या सुरक्षा सुपरवायझरने रात्रपाळीच्या नोंदवहीत लिहिलेल्या या तीन ओळी. मूळ वही मी नंतर पाहिली, आधी माझ्यासमोर आला तो मोबाइलवरचा तिचा फोटो.

‘द ड्रायव्हर सेड दॅट आय ओपन्ड द गेट ॲण्ड टुक द टेम्पो इनसाइड. आय सेड हिम व्हाय यू ओपन. ही सेड दॅट आय ॲम कमिंग, टुमॉरो ओनर विल कम.’

खाली तारीख, वेळ रात्रीचे १२ वाजून १० मिनिटं, आणि सुपरवायझरची सही.

मराठी माणसाला यातून प्रसंग लगेच कळतो. ड्रायव्हर म्हणाला की मी गेट उघडलं आणि टेम्पो आत घेतला. मी त्याला म्हटलं, का उघडलंस? तो म्हणाला की मी येतो, उद्या मालक येतील. पण ही नोंद ज्या मुख्य कार्यालयात गेली ते दुसऱ्या राज्यात आहे. तिथे मराठी जाणणारं कोणी नाही. त्यांनी ती इंग्रजीच्या नियमाने वाचली आणि अर्थ काढला तो असा: ड्रायव्हर सांगतोय की गेट सुपरवायझरने उघडलं, टेम्पोही सुपरवायझरनेच आत नेला. पुढे सुपरवायझर ‘मी येतोय’ असं काहीतरी म्हणाल्याचंही ड्रायव्हर सांगतो. आणि सही सुपरवायझरची, म्हणजे हे सगळं त्याला मान्य आहे.

प्रत्यक्षात टेम्पो मागे घेताना आग विझवण्याच्या पाण्याचा एक पाइप वाकला होता. नुकसान फार मोठं नव्हतं, पण तो पाइप कुठल्याही गोदामात नाजूक विषय असतो. आठ दिवसांनी सुपरवायझरच्या हातात मेमो पडला. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा दुरुस्तीचा खर्च पगारातून कापला जाईल.

हे गृहस्थ घणसोलीतल्या माथाडी वसाहतीत राहतात. वडील साताऱ्याकडून आले, वाशीच्या बाजारात पोती वाहिली. हे स्वतः एक्केचाळीस वर्षांचे, आधी वॉचमन होते आणि कामातल्या चोखपणामुळे सुपरवायझर झाले. शाळेत असताना इंग्रजी पाचवीपासून होतं. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर यांची शाळा संपली होती. त्यांची मुलगी दहावीत आहे आणि संध्याकाळी माझ्याकडे ऐरोलीला शिकवणीला येते. एके दिवशी तिला सोडायला ते स्वतः आले, दाराशीच थांबले आणि म्हणाले, “बाई, पाच मिन्टं वेळ हाय का? जरा एक विंग्रजी बघायचं व्हतं.”

मी फोटो पाहिला आणि क्षणभर मलाही काही खटकलं नाही. मी त्या ओळी मराठीतूनच वाचल्या होत्या. मग मेमो वाचला आणि परत नोंद वाचली, तेव्हा चूक दिसली. दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत कसं सांगायचं, हा धडा इतकी वर्षं शिकवूनही ती मला दुसऱ्या वाचनात दिसली, हे इथे नोंदवायला हवं, कारण या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

मुलगी आत बसली होती. तिचा हाच, ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’चा धडा त्याच आठवड्यात झालेला. सराव परीक्षेत त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. मी तिला फोटो दिला आणि कुणाचं काय ते न सांगता विचारलं, “यात गेट कुणी उघडलं?” तिने वाचलं. एकदा बापाकडे बघितलं. म्हणाली, “बाबांनी.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला तिचा बाप काहीच बोलला नाही. मला त्या शांततेचं फार वाईट वाटलं. मुलीची चूक नव्हती. इंग्रजीच्या दृष्टीने तिचं उत्तर अगदी बरोबर होतं. म्हणूनच मी त्यांना म्हटलं, “खुलासा तुम्हीच लिहायचा. मी लिहून देणार नाही, पण तो लिहिता येईपर्यंत रोज संध्याकाळी अर्धा तास या.” तीन दिवसांची मुदत त्यांनी साहेबांना विनंती करून दहा दिवसांवर नेली. ड्युटी रात्री आठची, त्यामुळे साडेसहा ते सात ही वेळ ठरली.

‘की’ आणि ‘दॅट’

चूक कुठे आहे ते नीट पाहायला हवं, कारण ‘सर्वनाम बदललं नाही’ एवढं म्हणून भागत नाही.

मराठीत ‘की’ आल्यावर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. ‘तो म्हणाला की मी येतो’ या वाक्यातला ‘मी’ म्हणजे तो. आपल्याला इथे क्षणाचाही घोटाळा होत नाही. काळही मूळचाच राहतो: ‘येतो’, ‘आलोय’, ‘येईन’. उलट कुणी ‘तो म्हणाला की त्याने गेट उघडलं’ असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की हा ‘त्याने’ कुणीतरी तिसराच आहे. म्हणजे आपल्या भाषेत ‘मी’ ठेवण्यानेच अर्थ स्पष्ट होतो. शिवाय मराठी क्रियापद बऱ्याचदा मदतीला येतं. एखादा पुरुष जेव्हा सांगतो ‘बाई म्हणाल्या की मी आले’, तेव्हा ‘आले’ या रूपावरूनच तो ‘मी’ बाईंचा आहे हे कळतं. इंग्रजीतलं ‘केम’ असा कोणताच पुरावा देत नाही.

इंग्रजीतलं ‘दॅट’ दिसायला ‘की’सारखं, जागाही तीच, पण काम वेगळं. ‘दॅट’ आलं की बोलणाऱ्याचा आवाज थांबतो आणि सांगणाऱ्याचा सुरू होतो. त्यापुढचा ‘आय’ हा वही लिहिणाऱ्याचा. बोलणाऱ्याचाच आवाज ठेवायचा असेल तर इंग्रजीत अवतरणचिन्हं लागतात: द ड्रायव्हर सेड, “आय ओपन्ड द गेट.” एक स्वल्पविराम, दोन अवतरणचिन्हं आणि ‘दॅट’ला रजा. एवढं केलं असतं तर मेमो आलाच नसता. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण त्याच रात्री त्यांना परत वही लिहायची होती. ‘सध्या ड्रायव्हर जे बोलला ते चिन्हांत घाला, अर्धवट बदलू नका.’ अर्धं बदललेलं वाक्य सगळ्यात घातक असतं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी स्वतःच चूक केली. शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेला तक्ता काढला: ‘ॲम’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘मे’चं ‘माइट’, ‘नाऊ’चं ‘देन’, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘धिस’चं ‘दॅट’. त्यांनी तो मन लावून उतरवून घेतला. तिसऱ्या दिवशी येताना सरावाची नोंद लिहून आणली, त्यात प्रत्येक ‘नाऊ’ खोडून ‘देन’ केलेलं होतं आणि ‘आय’ तसाच. तक्त्याने शब्द बदलायला शिकवले, पण कोणाच्या बाजूने बघायचं ते शिकवलं नाही. मुलीला पैकीच्या पैकी मिळाले ते याच तक्त्यावर, कारण परीक्षेत बोलणारा कोण, ऐकणारा कोण हे प्रश्नातच दिलेलं असतं. वहीत ते आपल्याला ठरवावं लागतं.

वाट सापडली ती त्यांच्याच पिशवीत. ते रोज मराठी वर्तमानपत्र घेऊन येत. मी ते उघडलं आणि बातम्यांतली एक खास मांडणी त्यांना दाखवली: ‘आपण राजीनामा दिलेला नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.’ ‘आपण बैठकीला जाणार आहोत, असे ते म्हणाले.’ या अशा वाक्यात ‘मी’ नसतो, ‘त्यांनी’ही नसतो, ‘आपण’ असतं. आणि ‘आपण’ म्हणजे बोलणारा स्वतः, याबद्दल वाचकाला शंका येत नाही. पत्रकार दुसऱ्याचं बोलणं स्वतःच्या वाक्यात घेताना मराठीत हेच करतो.

मी म्हटलं, “आता गेटची गोष्ट पेपरवाल्यासारखी सांगा.”

ते थोडा वेळ थांबले. मग सावकाश म्हणाले, “आपण गेट उघडले, असे ड्रायव्हरने सांगितले.”

“हा ‘आपण’ कोण?”

“ड्रायव्हर.”

“मग इंग्रजीत ड्रायव्हरसाठी ‘आय’ की ‘ही’?”

ते हसले. त्या संध्याकाळनंतर ‘आय’ची चूक पुन्हा झाली नाही. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: मराठी मुलाला इनडायरेक्ट शिकवायचं तर ‘की’च्या वाक्यावरून उडी मारायला लावू नका, आधी ‘आपण... असे’ या पायरीवर उभं करा. ही पायरी मुलांना वाचून माहीत असते, फक्त ती इंग्रजीच्या तासाला कुणी वापरत नाही.

तीन वेळा

काळाचा बदल समजावायला त्यांची वहीच उपयोगी पडली. कारण सुरक्षारक्षकाच्या डोक्यात घड्याळ सतत चालू असतं. कागदावर एक रेघ ओढून त्यावर तीन खुणा केल्या. ११:३५, गेट उघडलं. ११:४५, ड्रायव्हरने तसं सांगितलं. १२:१०, नोंद लिहिली. लिहिताना आपण १२:१० वर उभे आहोत. सांगणं मागे गेलं, म्हणून ‘सेड’. उघडणं त्याच्याही मागे, म्हणून ‘हॅड ओपन्ड’. ‘द ड्रायव्हर सेड दॅट ही हॅड ओपन्ड द गेट.’ सांगताना जे चालू होतं ते ‘वॉज’, आणि सांगताना जे व्हायचं होतं ते ‘वुड’. नियमांच्या सहा ओळींपेक्षा ही एक रेघ त्यांना पटली.

लगेच एक खरा प्रश्न आला. ड्रायव्हर म्हणाला होता, ‘मी भिवंडीला राहतो.’ मी लिहायला सांगितलं, ‘ही सेड ही लिव्ह्ड इन भिवंडी.’ ते म्हणाले, “पण तो आजबी तिथंच ऱ्हातो. ‘लिव्ह्ड’ म्हंजे ऱ्हात व्हता ना?”

शाळेच्या पुस्तकात याचं अर्धंच उत्तर असतं. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी शंभर अंशांना उकळतं, अशा कायम सत्यांचा काळ बदलायचा नाही, असं मुलं पाठ करतात. पण बोलणं अजूनही खरं असेल तर साध्या गोष्टीतही इंग्रजी वर्तमानकाळ चालवून घेते. ‘ही सेड ही लिव्ह्ज इन भिवंडी’ हे चुकीचं नाही. फरक असा की ‘लिव्ह्ज’ लिहिलं की वही लिहिणाराही त्याला दुजोरा देतो. ‘लिव्ह्ड’ लिहिलं की तो फक्त कानावर आलेलं पोचवतो. मराठीत हे काम ‘म्हणे’ करतं: ‘भिवंडीला राहतो म्हणे.’ आपण त्याचं घर पाहिलेलं नाही, हमी घेत नाही. हे ऐकल्यावर ते म्हणाले, “मंग ‘लिव्ह्ड’च बरं.” नोंदवहीसाठी माझंही तेच मत आहे.

आणि ‘म्हणाला’च्या जागचं क्रियापद, म्हणजे रिपोर्टिंग व्हर्ब, वर्तमानकाळात असेल, ‘ड्रायव्हर सेज’, तर काळ मागे सरकवायचाच नसतो. ते त्यांच्या वहीत जवळपास येत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवला नाही.

पाचव्या दिवशी ‘हॅड’ने उच्छाद मांडला. सरावाच्या नोंदीत ‘आय हॅड कम ऑन ड्युटी ॲट एट’, ‘साहेब हॅड फोन्ड’, ‘रेन हॅड स्टार्टेड’. सगळीकडे ‘हॅड’. हे होणार याची मला कल्पना होती, कारण आपण मराठीत ‘होतं’ फार सढळ हाताने वापरतो. ‘काल मी आलो होतो’, ‘साहेबांचा फोन आला होता’. यात कशाच्याही आधीचं काही नसतं, नुसतं ‘झालं’ एवढंच सांगायचं असतं. त्या ‘होतो’चा ‘हॅड’ होतो आणि इंग्रजी वाचणारा विचारतो, ‘कशाच्या आधी?’ परत रेघेवर गेलो. रेघेवर दुसरी खूण नसेल तर ‘हॅड’ नाही. आठला ड्युटीवर आलात, बस, ‘केम’. हे सवयीचं प्रकरण आहे, एका दिवसात सुटलं नाही. खुलाशाच्या पहिल्या मसुद्यातही दोन जादा ‘हॅड’ होतेच.

म्हणाला, सांगितलं, विचारलं

‘आय सेड हिम’ ही चूक प्रत्येक मराठी शाळेत सापडते, कारण ‘मी त्याला म्हटलं’ हे आपलं सरळ वाक्य आहे. ‘सेड’नंतर माणूस थेट येत नाही, ‘टोल्ड’नंतर यावाच लागतो. मी एवढंच सांगितलं: ‘ला’ असेल तर ‘टोल्ड’. ‘त्याला’, ‘मला’, ‘वॉचमनला’, सगळीकडे ‘टोल्ड’. ‘सेड टू हिम’ही होतं, पण वहीत एकच सवय ठेवलेली बरी.

हुकूम आणि विनंत्या त्यांना सगळ्यात लवकर आल्या. कारण इथे मराठी आणि इंग्रजी एका रांगेत उभ्या आहेत. ‘साहेबांनी शटर बंद करायला सांगितलं’ यातलं ‘करायला’ म्हणजेच ‘टू क्लोज’. ‘साहेब टोल्ड मी टू क्लोज द शटर.’ फक्त नकाराला जपावं लागतं. ‘उघडू नका’चं घाईत ‘टोल्ड मी टू डोन्ट ओपन’ होतं, ते ‘नॉट टू ओपन’ हवं. ‘टोल्ड’ऐवजी ‘रिक्वेस्टेड’, ‘ऑर्डर्ड’, ‘वॉर्न्ड’ घातलं तरी मांडणी हीच राहते.

प्रश्नांनी मात्र दोन संध्याकाळी घेतल्या. ‘साहेबांनी विचारलं की चावी कुठे आहे’ याचं ते करायचे ‘आस्क्ड मी दॅट व्हेअर इज द की’. ‘दॅट’ आणि ‘व्हेअर’ दोन्ही, शिवाय प्रश्नाची उलटी रचना तशीच. इथेही मराठीतच उत्तर आहे. आपण ‘विचारलं की’ असंही म्हणतो आणि ‘चावी कुठे आहे ते विचारलं’ असंही म्हणतो. दुसऱ्या रूपात ‘की’ नाही आणि प्रश्न उरलेला नाही, ती एक वस्तू झाली आहे, ‘ते’. इंग्रजीला ही वस्तू हवी असते. ‘आस्क्ड मी व्हेअर द की वॉज.’ ‘वॉज’ शेवटी, अगदी साध्या वाक्यासारखं, आणि प्रश्नचिन्ह नाही. हो-नाहीच्या प्रश्नात आपला ‘का’ तोच ‘इफ’ किंवा ‘वेदर’: ‘गाडी आली का ते विचारलं’, ‘आस्क्ड मी इफ द ट्रक हॅड कम’. ‘आली की नाही ते’ म्हटलं तर ‘वेदर’ आणखी जवळचं वाटतं. मी त्यांना पंचवीस प्रश्न आधी ‘ते विचारलं’मध्ये बदलायला लावले, सगळे मराठीतच. इंग्रजी त्यानंतर. पंचवीसपैकी दोन चुकले.

उद्गारवाचक वाक्यं, ‘हुर्रे’ आणि ‘अलास’, आम्ही वगळली. त्यांच्या वहीत कुणी ‘अलास’ म्हणत नाही. मुलीला ती परीक्षेपुरती येतात.

‘उद्या’ कोणत्या तारखेचा

मेमोत एक दुसरा आरोपही होता. मालक येणार असल्याची तारीख चुकीची कळवली. ड्रायव्हरने रात्री पावणेबाराला ‘उद्या मालक येतील’ म्हटलं. तेव्हा ‘उद्या’ सुरू व्हायला पंधरा मिनिटं उरली होती. नोंद झाली १२:१० ला, नव्या तारखेखाली, आणि त्यात लिहिलं ‘टुमॉरो’. कार्यालयाने तारखेत एक मिळवला. मालक आदल्याच दिवशी येऊन गेले, त्यांना भेटायला कुणी नव्हतं.

परीक्षेत ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टरडे’चं ‘द प्रीव्हियस डे’, ‘अगो’चं ‘बिफोर’ केलं की गुण मिळतात. रात्रपाळीच्या वहीत ‘द नेक्स्ट डे’ही पुरत नाही, कारण बोलणं एका तारखेला आणि लिहिणं दुसऱ्या. मी त्यांना सांगितलं की तारीखच घाला. व्याकरण हा बदल ज्या कारणासाठी करायला सांगतं ते कारण तारखेने पूर्ण होतं: वाचणाऱ्याला दिवस कळला पाहिजे. आणि ‘परवा’ तर कधीच तोंडी घेऊन पुढे जाऊ नका. मराठीत तो मागचाही आणि पुढचाही, समोरच्याला तिथल्या तिथे विचारून घ्या.

‘येतो’बद्दल मी फार विचार केला. निघताना ‘जातो’ म्हणणं आपल्याकडे अशुभ, म्हणून घरातून, दुकानातून, गेटवरून निघणारा प्रत्येक माणूस ‘येतो’ म्हणतो. ड्रायव्हरही तेच म्हणाला आणि निघून गेला. ‘आय ॲम कमिंग’ लिहिल्यावर मात्र कार्यालयाला वाटलं की कुणीतरी येत होतं. दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचे शब्द न्यायचे की त्याचा हेतू? अवतरणचिन्हांत शब्द जातात. ‘दॅट’ लावलं की हेतू नेण्याची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून ‘ही सेड दॅट ही वॉज लीव्हिंग’. सुपरवायझरना हे लिहिताना खोटं लिहितोय असं वाटत होतं. “त्यो ‘येतो’च म्हनला व्हता,” असं ते दोनदा म्हणाले. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटला. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘ही सेड दॅट ही वॉज लीव्हिंग, ॲण्ड वेन्ट आउट ॲट ११:५०.’ पुढचा भाग त्यांनी स्वतः जोडला, कारण तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

खुलासा

मसुदा तीनदा झाला. दुसऱ्या मसुद्यात वाक्य होतं: ‘द ड्रायव्हर टोल्ड द वॉचमन दॅट ही हॅड ओपन्ड द गेट.’ वॉचमन तिथे उभा होता, ड्रायव्हर आधी त्याच्याशीच बोलला, म्हणून हे वाक्य. व्याकरण निर्दोष. पण ‘ही’ कोण? ड्रायव्हर की वॉचमन? इथे इंग्रजीच लंगडी पडते. आपलं ‘आपण’ जे एका शब्दात करतं त्याला तिच्याकडे वेगळा शब्द नाही. एक मेमो ‘आय’मुळे आला होता, दुसरा ‘ही’मुळे आला असता, आणि तोही एका गरीब वॉचमनवर.

मुलीने सुचवलं, ‘ॲडमिटेड’ वापरू. ‘द ड्रायव्हर ॲडमिटेड ओपनिंग द गेट.’ सर्वनामच नाही, प्रश्न मिटला. सूचना हुशारीची होती. पण ‘ॲडमिटेड’ म्हणजे ‘कबूल केलं’, त्यात अपराध आलाच. ड्रायव्हरने सहज सांगितलं होतं, कुणी दरडावलं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडी कबुली घालण्याचा अधिकार वही लिहिणाऱ्याला नाही, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटायला वेळ लागला. मग आम्ही ‘हिमसेल्फ’ घेतलं, आपलं ‘स्वतः’. आणि ते बोलणं सुपरवायझरच्या कानावरही पडलं होतं, म्हणून ‘टोल्ड मी’. शेवटचं वाक्य असं झालं: ‘द ड्रायव्हर टोल्ड मी दॅट ही हिमसेल्फ हॅड ओपन्ड द गेट.’

नऊ वाक्यांचा खुलासा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. त्यातलं एक वाक्य मी सांगितलेलं नव्हतं, त्यांनीच घातलं: जुनी नोंद मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिली गेली, त्यातला ‘आय’ ड्रायव्हरचा आहे. सोबत गेटवरच्या कॅमेऱ्यातल्या चित्रणाची वेळ दिली. अकरा दिवसांनी उत्तर आलं. पगारातली कपात होणार नाही. मेमो फाइलमध्ये राहील. कॅमेऱ्यामुळे निभावलं की वाक्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. पण कॅमेरा पाहावा असं त्यांना वाटलं ते खुलासा वाचून, कारण आधीच्या नोंदीनंतर तर पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. जुनी ओळ तशीच आहे. तिच्या समासात त्या दिवसाची तारीख, छोटी सही आणि ‘पुढील दुरुस्ती पाहा’ एवढं लिहिलंय. दुरुस्ती बारा पानं पुढे आहे.

मुलीच्या अभ्यासात मी यानंतर एक बदल केला. डायरेक्टचं इनडायरेक्ट तिला येतंच, आता ती उलटं करते. वडिलांनी लिहिलेली नोंद वाचायची आणि कोण कोणाला काय म्हणालं ते मराठीत, ज्याच्या त्याच्या तोंडचं, बोलून दाखवायचं. जिथे ती अडखळते तिथे नोंदीत काहीतरी राहिलेलं असतं. वडील समोर बसून ऐकतात. पहिल्यांदा तिने ‘मी उघडलं गेट, येतो मी’ असं ड्रायव्हरचं बोलणं त्या नव्या नोंदीवरून परत काढलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि वही मिटून पिशवीत ठेवली.

परवाच्या शनिवारी रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मागे ट्रक उभा असल्याचा आवाज येत होता. “बाई, वॉचमननं ड्रायव्हरला सांगितलं की चावी हरवली. हरवली कुनाकडनं, ते ‘ही’ लिहिलं की कळत न्हाई.”

“मग काय लिहिलंत?”

“अजून लिवलं न्हाई. दोघास्नी विचारून येतो, मंग लिवतो.”